बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

(स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी चार शब्द बोलून मग विषयाकडे वळायचे, असा प्रघात आहे. आज तो मोडतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांना प्रास्ताविकांचा मनस्वी कंटाळा होता, आणि या सभागृहातले निम्मे लोक त्यांना माझ्यापेक्षा अधिक ओळखत होते. विषय मात्र त्यांच्या जिव्हाळ्याचा निवडला आहे: तारणाची खात्री. देवाने मला स्वीकारले आहे आणि तो मला सोडणार नाही, हे ख्रिस्ती माणसाला ठामपणे म्हणता येते का? येत असेल तर कशाच्या जोरावर?

आमच्या मंडळ्यांत हा प्रश्न फार सहज विचारला जातो. उन्हाळ्यात कन्व्हेन्शनचा मंडप पडतो, बाहेरगावचे वक्ते येतात. संध्याकाळच्या सभेत पेटी हळू वाजत असते आणि वक्ते विचारतात, "आज रात्री मरण आलं तर कुठं जाल? ज्यांना खात्री आहे त्यांनी हात वर करा." हात वर होतात. पुढच्या वर्षी बहुतेक तेच हात पुन्हा वर होतात. शेवटच्या रांगेत पदराने वारा घेत बसलेली एखादी आजी तेवढी हात वर करत नाही. आपल्या तोंडाने तसे म्हणणे तिला आगाऊपणाचे वाटते. सून कोपराने ढोसते, तरी नाही. आणि गंमत अशी, की त्या मंडळीत गेल्या तीस वर्षांत या आजीच्या प्रार्थनेवाचून एक मयत झालेली नसते की एक सोयरीक जुळलेली नसते.

आजीचा संकोच अज्ञानातून येतो असे समजू नका. तिच्या बाजूने मोठी माणसे उभी आहेत. १५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवून टाकले, की देवाकडून खास प्रकटीकरण झाल्याखेरीज 'मी शेवटपर्यंत टिकणारच' असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. आशा धरावी, दृढ आशा धरावी. पण फुशारकी नको. वसई-गोव्याच्या कॅथलिक घरांतून आजही हाच सूर ऐकू येतो. उलट बाजूला धर्मसुधारक कॅल्विन. त्याच्या मते विश्वास म्हणजेच देवाच्या आपल्यावरील कृपादृष्टीचे पक्के ज्ञान. खात्री नसेल तर विश्वास कसला? नंतरच्या काळात वेस्ली आला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका छोट्या सभेत, रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचत असताना, त्याच्या मनाला जी ऊब जाणवली तिच्यावर पुढे अख्खी मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. आपल्या कन्व्हेन्शनचे वक्ते नकळत या वेस्लीचेच नातू.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणे वाटते ते वेस्टमिन्स्टरच्या पंडितांनी १६४६ मध्ये तयार केलेल्या विश्वासकबुलीतले अठरावे प्रकरण. जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी मुंबईला आले ते याच कबुलीवर वाढलेले. तिचे म्हणणे असे: खात्री मिळू शकते, ती मिळवण्याची खटपट करावी, पण ती विश्वासाचा असा अविभाज्य भाग नाही, की ती नसेल तर विश्वासच नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची दीर्घकाळ वाट पाहावी लागते, झगडावे लागते, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. कॅल्विनच्या वारसदारांनी कॅल्विनला घातलेली ही मुरड आहे. पुस्तकात बसून सुचावी अशी ती नाही. आजारी माणसांच्या उशाशी बसलेल्या पाळकांचा अनुभव तिच्यात उतरला असावा असे मला वाटते.

धर्मशास्त्राचा इतिहास इथेच थांबवतो. आपल्या मातीतले एक उदाहरण मला जवळून दाखवायचे आहे, आणि त्याला वेळ लागणार आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वॉन्टेज या गावी. सोबत लहानगी मुलगी मनोरमाही होती. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात, की त्या दिवशी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. पन्नाशीला टेकलेली, जगभर नाव झालेली बाई हे छापून प्रसिद्ध करते, यातच तिचा स्वभाव दिसतो. आपली प्रतिमा जपायची तर ही गोष्ट झाकून ठेवणे सोपे होते.

या आठ वर्षांच्या आधीचे थोडे सांगायला हवे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, लोकांचा रोष ओढवून घेतला, आणि पुढे सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थाटन करू लागले. व्रते, उपास, दानधर्म यांत त्यांनी काहीही कमी केले नाही. दुष्काळ आला तेव्हा साठवलेला पैसा संपला, दागिने गेले, भांडीकुंडी गेली. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर त्यांनी काढले. मजुरी करायची तर ब्राह्मण्याचा अभिमान आडवा येत होता, भीक मागवत नव्हती. शेवटी म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तोवर त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. त्यांनी धाकट्या लेकीला जवळ ओढले, डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि निरोपाचे शब्द सांगितले: तुला मी देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. मग थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. अभिमान सोडून मी मजुरी करतो, असे तो म्हणाला, म्हणून तो बेत टळला. पण थोड्याच महिन्यांत, १८७४ मध्ये, आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण अशी तिघे गेली.

या प्रसंगाशी मी जरा रेंगाळतो, कारण रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे. जे जे करायला सांगितले होते ते ते सारे आईबापांनी केले होते. हिशोब पुरा होता आणि देव गप्प होता. पुढे कलकत्त्याला त्यांनी धर्मशास्त्रे उघडली तेव्हा त्यांना दिसले, की इतर हजार बाबतींत भांडणारे ग्रंथ एका बाबतीत एकमताचे आहेत: बाईची जात वाईट, आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष तिला मिळायचा नाही. म्हणजे हिशोब पुरा केला तरी वहीत नाव नाहीच. त्यांच्या या निष्कर्षाशी भांडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वारकरी संतस्त्रियांचा दाखला देता येतो आणि तो खोटा नाही. पण रमाबाईंना काय भिडले ते आपण पाहतो आहोत.

भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या आरंभी. सिल्चरच्या घरात सापडलेले लूकचे शुभवर्तमान, पुण्यात ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी झालेल्या चर्चा, आणि मग वॉन्टेजच्या संन्यासिनी. लंडनजवळ फुलहॅमला या सिस्टर्सनी वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम रमाबाईंनी पाहिले आणि हे लोक असे का करतात, असे विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. तिथे त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले. गोऱ्ह्यांच्या पत्रांनी बौद्धिक अडसर दूर केले आणि बाप्तिस्मा झाला.

आणि झाल्या झाल्या वाद सुरू झाले! रमाबाईंचा पत्रव्यवहार वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांनी जमवून ठेवला होता, ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत छापला. आपल्या शासकीय प्रकाशनांत इतके चुरचुरीत पुस्तक दुसरे नसेल. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे ही नवख्रिस्ती बाई विचारते. अन्नात अंडे चालणार नाही म्हणते. त्रैक्य, कुमारीच्या पोटी जन्म, अथानासियसचा मतांगीकार, एकेका मुद्द्यावर शास्त्राधार मागते. इथल्या भटांचे जू मानेवरून आत्ताच उतरवले आहे, आता बिशपांचे चढवून घेणार नाही, असा एकूण सूर. सिस्टर जेराल्डाइन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र धीराने उत्तरे दिली.

पुढचा काळ कामाचा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिका, तिथे पुस्तक, व्याख्याने, पैसा उभा करणे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. पुढच्या वर्षी ते पुण्याला. बाहेरून पाहणाऱ्याला हे यशच यश. आत काय चालले होते ते साक्षीत आहे: माझा विश्वास डोक्यातला आहे, त्यात जीव नाही, असे त्यांना वाटू लागले होते. अशातच विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मवृत्त हाती आले. हा हॅस्लम कॉर्नवॉलमधला पाद्री. १८५१ मध्ये आपल्याच चर्चमध्ये, आपणच उपदेश करत असताना, त्याचे मन पालटले. उपदेशकाचेच परिवर्तन! रमाबाईंना ते पुस्तक लागू पडले यात नवल नाही, कारण त्याही दुसऱ्यांना आधार देणाऱ्या आणि स्वतः आधारावाचून होत्या.

१८९१ मध्ये गाठ सुटली. कशी सुटली? साक्षीत दिव्य दर्शन नाही, वाणी नाही, अश्रूंचा पूर नाही. त्या सांगतात ते एवढेच, की स्वतःच्या सगळ्या वाटा संपल्या आणि त्यांनी स्वतःला बिनशर्त ख्रिस्ताच्या स्वाधीन केले. आणि वचन वाचता वाचता कळले, की देव देतो ते तारण पुढे कधीतरी मिळायचे नसून आत्ता, इथे दिलेले आहे. विश्वास ठेवला, घेतले, आनंद झाला. तिरुपतीच्या रानातल्या हिशोबाच्या पार्श्वभूमीवर हे वाचा. ज्या मुलीने देणे फेडता फेडता आईबाप मरताना पाहिले, तिला देणे आधीच फिटले आहे हे कळायला आठ वर्षे लागली तर ती फार नाहीत.

इथे माझे मिशनरी चरित्रकारांशी जमत नाही. त्यांच्या मांडणीत १८९१ पूर्वीची रमाबाई म्हणजे अंधार आणि नंतरची म्हणजे उजेड. साक्षसभेला ही मांडणी फार सोयीची असते. पण त्या 'अंधारात' शारदा सदन उभे राहिले, ज्या बालविधवांना कोणी दारात उभे करत नव्हते त्या तिथे शिकू लागल्या, आणि अथानासियसशी प्रामाणिकपणे भांडण झाले. ख्रिस्ती शिकवण खरी मानायची तर देवाचे प्रेम रमाबाईंना खात्री पटल्यावर सुरू झाले असे म्हणता येणार नाही. ते वॉन्टेजला होते, सिल्चरला होते. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, की आपली मेंढरे आपल्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही. ज्या आंधळ्या बापाने लेकीला देवाच्या हाती सोपवले त्याला योहान ठाऊक नव्हता. रमाबाईंनी मात्र बापाचे ते शब्द जन्मभर जपले आणि आपल्या साक्षीत नोंदवले. त्यांना त्यात काही संगती दिसली असावी असे मला वाटते. खात्री उशिरा आली. प्रेम उशिरा आले नव्हते.

खात्री मिळाल्यावर माणूस मऊ होतो, असा एक समज आहे. रमाबाई झाल्या नाहीत. त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, मुली येऊन बसू लागल्या, 'केसरी'ने गजहब केला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यामुळे रानडे-भांडारकरांची अडचण मला समजते. रमाबाईंची बाजू अशी, की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात दार लावून प्रार्थना करणार नाही. दोन्ही बाजूंना तथ्य होते आणि तडजोड निघाली नाही.

१८९५ मध्ये त्या पंधरा मुलींना घेऊन लोणावळ्याच्या शिबिराला गेल्या. तिथे एका पहाटे त्यांनी केलेली प्रार्थना मला फार आवडते. देवाने या पंधरांचा वर्ग करावा! म्हणजे दोनशे पंचवीस. आणि तेव्हा सदनात सगळ्या मिळून पन्नासच्या आतबाहेर मुली. देवाकडे गणिताच्या भाषेत मागणे घालणारी ही बाई भाबडी होती का? दुसऱ्या वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या स्वतः उठून गेल्या, आणि केडगावच्या माळावर, विहिरी खणत, शेकडो उपाशी मुली-बायकांसाठी 'मुक्ती' उभी राहिली. १८७४ चा दुष्काळ पोटात घेऊन जगलेली बाई १८९६ च्या दुष्काळात शिरली. तारणासाठी पुण्य जोडायचे म्हणून गेली असती तर समजण्यासारखे होते. पण तारणाचा प्रश्न तिच्यापुरता पाच वर्षांपूर्वी सुटला होता. जोडायचे काही उरले नव्हते, म्हणून दोन्ही हात मोकळे होते. 'एकदा तारण झालं की मग काय, कसंही वागा' हा खात्रीच्या शिकवणीवरचा जुना आक्षेप आहे. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला कडक इशारा त्यासाठीच वाचावा लागतो. तरी केडगावला एकदा जाऊन आलेला माणूस तो आक्षेप जरा खालच्या आवाजात घेतो.

खात्रीने दुःख टळले नाही, हेही नोंदवतो. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्थेची सूत्रे जिच्या हाती द्यायची ती एकुलती मुलगी. रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या कामाला लागून होत्या आणि लागूनच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

आता ज्याला खात्री कधीच मिळाली नाही, किंवा मिळून गेली, अशा माणसाचे काय? इंग्लिश कवी विल्यम कूपर घ्या. १७६३ मध्ये मन कोलमडले, जीव द्यायचा प्रयत्न झाला. सेंट ऑल्बन्सच्या वेड्यांच्या इस्पितळात रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना त्याला क्षमेची खात्री पटली. ऑल्नी गावात पाद्री जॉन न्यूटनच्या शेजारी राहून त्याने गीते लिहिली. दोघांचा संग्रह १७७९ मध्ये निघाला. पण १७७३ च्या आरंभी पुन्हा अंधार आला. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे असे त्याला एका स्वप्नातून वाटले, आणि १८०० मध्ये मरेपर्यंत ते मत बदलले नाही. १७७३ नंतर तो चर्चमध्ये गेला नाही, प्रार्थना केली नाही. आपल्याला तो अधिकारच नाही, अशी त्याची समजूत. सव्वीस-सत्तावीस वर्षे! त्या सबंध काळात त्याची गीते म्हणून इतरांना मात्र खात्री मिळत होती, आणि आजही मिळते. न्यूटनने त्याला विश्वासाच्या परीक्षेत कधी नापास केले नाही. कन्व्हेन्शनच्या मंडपात कूपर आला असता तर हात वर करण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि आपले गोऱ्हे. काशीच्या विद्वानांत वाढलेले कोकणस्थ शास्त्री, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. रमाबाईंच्या शंकांना ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्या स्वतःच्या शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. इंग्लंडमध्ये काउली फादर्स या अँग्लिकन संन्यासी संघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण जन्मभराची व्रते घेण्याइतका निश्चय मनाशी होईना, म्हणून घेतली नाहीत. फाटक्या कपड्यांत, थोड्या अन्नावर, उपासतापास करत ते राहिले. १८९५ मध्ये ते वारले. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी वाट दाखवलेली बाई लोणावळ्याला पंधराचा वर्ग मागत होती, त्याच वर्षी.

रमाबाई आत आणि गोऱ्हे-कूपर उंबऱ्यावर, अशी वाटणी काहीजण करतात. मला ती जमत नाही. १९९९ मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी ऑग्सबर्गला नीतिमत्त्वाच्या प्रश्नावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, तेव्हा खात्रीवर एक कलम घातले. स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून माणसाला धास्ती वाटणारच, भरवसा ख्रिस्ताच्या अभिवचनावर ठेवायचा, इतपत दोघे साडेचारशे वर्षांनी एका जागी आले. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल यादी देतो, की देवाच्या प्रेमापासून आपल्याला काय काय वेगळे करू शकणार नाही. मरण, जीवन, देवदूत, अधिपती, वर्तमान, भविष्य, उंची, खोली. यादी संपत नाही हे त्याच्याही ध्यानात आले असावे, कारण शेवटी तो उरलेली सगळी सृष्टी एकाच झटक्यात तीत घालतो. माझे स्वतःचे कच्चे मन, माझी शंका, मंडपात वर न झालेला हात, हेही सृष्टीतच मोडते. ते यादीबाहेर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते पौलाच्या शब्दांतून दाखवून द्यावे. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी अर्धा तास राखून ठेवला आहे.